त्यात काय एवढं!

कौतुक अंगाला लावून न घेण्याची आपली रीत ठरलेली आहे. "पुरणपोळ्या काय मऊसूत झाल्यात हो!" असं पाहुणे म्हणाले, की यजमानीण लगेच म्हणणार, "छे हो, आज कणीकच जरा घट्ट झाली, नाहीतर एरवी..." साडी छान आहे म्हटलं, की ती किती जुनी आहे आणि सेलमध्ये किती स्वस्त पडली याचा खुलासा. मुलाला दहावीला नव्वद टक्के पडले, तर पेढ्यांचा बॉक्स पुढे करता करता आई पुटपुटणार, "गणितानं घात केला, नाहीतर पंचाण्णव कुठे गेले नव्हते." स्तुती कानावर पडली की तिला उंबऱ्याबाहेरच थोपवायचं, हे आपल्याला कोणी मुद्दाम शिकवावं लागत नाही.

अशा घरात वाढलेला मुलगा एक दिवस नोकरीचा अर्ज भरायला बसतो आणि त्याच्यासमोर रकाना येतो : 'आपली बलस्थाने लिहा.' आयुष्यभर जे करू नको म्हणून सांगितलं, तेच आता करायचं. तेही पाच ओळींत, तेही इंग्रजीत, आणि तेही रात्री बारा वाजायच्या आत, कारण शेवटची तारीख आजची असते.

हा संस्कार काही आजकालचा नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिलाच समास मूर्खलक्षणांचा आहे आणि आपणच आपली स्तुती करणाऱ्या माणसाला समर्थांनी त्यात जागा दिली आहे. त्याच्या शेजारीच वडिलांची कीर्ती सांगत फिरणारा बसवलाय. म्हणजे स्वतःचंही सांगायचं नाही आणि बापाचंही नाही. मग माणसानं बायोडेटात लिहायचं तरी काय?

बायोडेटा हा शब्द आपण लग्नालाही वापरतो आणि नोकरीलाही. लग्नाच्या बायोडेटात कोणाला अवघड वाटत नाही. वर 'श्री गणेश प्रसन्न', खाली जन्मवेळ, नाडी, गण, वडिलांचा हुद्दा, मामांचं गाव, गावाकडची बागायती. मुलगी 'गृहकृत्यदक्ष, सुस्वभावी, नाकीडोळी नीटस'. हे तिनं स्वतः लिहिलेलं नसतं. आत्याबाई, मामा, वधूवर मंडळातल्या जोशीकाकू असं कोणीतरी तिसरंच माणूस तिची बाजू मांडत असतं, म्हणून संकोच वाटत नाही. नोकरीत ही सोय नाही. तिथे मध्यस्थ घातला, तर त्याला वशिला म्हणतात.

माझी नोकरीची बरीचशी वर्षं एका निमसरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत गेली. अर्जांची छाननी हे आमचं मुख्य पीक. सुरुवातीच्या काळात बलस्थानं वगैरे भानगड नव्हती. १९५९ च्या कायद्याप्रमाणे रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवायच्या, तिथून नावांची यादी यायची, मग उमेदवार ट्रू कॉप्यांचा गठ्ठा घेऊन हजर. प्रत्येक कॉपीवर राजपत्रित अधिकाऱ्याचा गोल शिक्का. टायपिंग मराठी ३०, इंग्रजी ४०. पुढे २००१ नंतर त्यात एमएस-सीआयटीची भर पडली. त्या अर्जांमध्ये एकही विशेषण नसे. मिनिटाला मराठी तीस शब्द म्हणजे तीस शब्द. त्यात 'मनापासून टंकलेखन करते' असं कोणी लिहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते रुक्ष अर्ज पुढे फार आठवायला लागले.

कारण मग विशेषणं आली. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झालं, २००३ मध्ये लिंक्डइन आलं, कॉलेजाकॉलेजात प्लेसमेंट सेल निघाले आणि कुठूनतरी एक तयार नमुना सगळ्या महाराष्ट्रभर पसरला. हार्डवर्किंग. सिन्सिअर. डेडिकेटेड. क्विक लर्नर. टीम प्लेअर. खाली 'लीडरशिप क्वालिटी'. टेबलावर अर्जांचा ढीग पडलेला असे आणि त्यातला प्रत्येक जण नेता. कामाला माणूस मिळेना अशी परिस्थिती! छंदांच्या रकान्यात वाचन, प्रवास आणि संगीत ऐकणे. आमच्या मुलाखतीच्या पॅनेलवर एक गृहस्थ असत, त्यांना या 'वाचन'चा भारी राग. चहाचा कप खाली ठेवत ते हमखास विचारायचे, "सध्या काय वाचताय?" समोरच्या मुलाच्या कपाळावर घाम. एकदा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, सध्या जाहिराती वाचतोय. नोकरीच्या." त्याला त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

विशेषणांची गंमत अशी, की ती खोटी नसतात. 'हार्डवर्किंग' लिहिणारा मुलगा खरंच कष्टाळू असतो, बहुतेक वेळा. पण तोच शब्द आधीच्या पन्नास जणांनी लिहिलेला असला, की वाचणाऱ्याची नजर त्यावरून तेल लावल्यासारखी घसरते. आता तर अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्याला जाहिरातीतले शब्द अर्जात सापडले तर तो पुढे सरकतो. म्हणून ते शब्द घालावेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. टोलनाक्यावर पैसे भरावेच लागतात. पण पुढे कधीतरी माणूस बसलेला असतो, आणि त्याला अजून दहा अर्ज वाचायचे असतात, वर घरी जाताना भाजी घ्यायची असते.

निवृत्तीनंतर माझ्याकडे असे अर्ज दुरुस्तीला यायला लागले. सोसायटीत एकदा कळलं की अमुक बाई 'इंटरव्ह्यू घ्यायच्या', की संपलं. सगळ्यात आधी आला तो माझा भाचा. बी.कॉम. झालेला, एका गोदाम आणि मालवाहतूक कंपनीत ऑपरेशन्सच्या जागेसाठी अर्ज करत होता.

"ए आत्या, जरा बघून दे ना. पाच मिनिटांचं काम आहे."

बघितलं. दोन पानं, निळी चौकट, टीम प्लेअर.

"हे टीम प्लेअर म्हणजे काय रे?"

"म्हणजे सगळ्यांबरोबर काम करता येतं."

"कोणाकोणाबरोबर केलंस?"

"अजून कुठे केलंय! फ्रेशर आहे मी."

एवढ्यात त्याचा फोन वाजला. आणि पाच मिनिटांचं काम बाजूला राहून मला पुढची वीस मिनिटं एक वेगळाच माणूस ऐकायला मिळाला. हा पोरगा कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ढोल-ताशा पथकात आहे. गणपती तोंडावर आलेले. "अरे, चौदा नंबरच्या ढोलाचं पान बदलायचंय, तो टेम्पोत शेवटी चढव, म्हणजे आधी खाली येईल. चामड्याची पानं पावसात उतरतात, त्यामुळे फायबरवाले पुढे लाव. टिपरं किती जास्तीची घेतलीस? नाही, मोजून सांग. अंदाजे नको. मुलींना घरी सोडायला गाडी कोणाची? त्याचा फोन लागत नसेल तर दुसऱ्याला आत्ताच विचारून ठेव." मध्येच कोणाला तरी समजावत होता, की बाबा रे, तुझी सरावाची हजेरी कमी पडते, या वर्षी मिरवणुकीत ढोल नाही बांधता येणार. मग पलीकडून बराच आरडाओरडा झाला. हा शांत. शेवटी म्हणाला, "ऐक ना, पाण्याची गाडी तू सांभाळ. तुझ्याशिवाय तिथे कोणी टिकत नाही, मागच्या वर्षी बघितलं ना."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कोण होता?"

"पथकप्रमुखाचा भाऊ."

"आला का कबूल?"

"हो, येतोय. पाण्याच्या गाडीवर."

तपशील काढता काढता कळलं, की साठ-सत्तर ढोलांची नोंदवही हा ठेवतो. कुठल्या ढोलाला कधी पान चढवलं, कोणाच्या हातून कडी वाकली, कुठला ढोल कोणाच्या उंचीला बरा पडतो, सगळं. सराव संपल्यावर दोऱ्या सैल करून ठेवायला लावतो, नाहीतर पानं फाटतात. विसर्जनाच्या दिवशी वाटेत ढोल बंद पडला, तर बदली ढोल किती पावलं मागे असावा, याचंसुद्धा त्याचं एक गणित आहे.

मी म्हटलं, "मग हे लिही ना!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "त्यात काय एवढं? आणि सीव्हीमध्ये ढोल? हसतील ना गं."

"हसू दे. हसले म्हणजे वाचलं."

निळी चौकट काढली. विशेषणं काढली. नोंदवहीची एक ओळ, टेम्पो भरण्याच्या क्रमाची एक ओळ, आणि नाराज माणसाला दुसऱ्या कामावर टिकवून ठेवल्याची एक ओळ. लीडरशिप हा शब्द कुठेच नाही. मुलाखतीला बोलावणं आलं. तिथले साहेब मूळचे नाशिकचे निघाले, आणि पुणेरी ढोल चांगला की नाशिक ढोल यावर अर्धा तास घनघोर चर्चा झाली. नोकरी मिळाली नाही. ती पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीत मिळाली, आणि तिथे ढोलाबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही. काही गोष्टी अशा घडतात, त्यांचं नीट तात्पर्य निघत नाही.

पण त्याचं ते 'त्यात काय एवढं' माझ्या डोक्यात राहिलं. जी गोष्ट आपल्याला सहज येते, ती सगळ्यांनाच येत असणार, असं आपण धरून चालतो. ज्या कामात आपल्याला घाम फुटतो ते काम आपल्याला मोठं वाटतं आणि अर्जात आपण तेच लिहितो. म्हणजे ज्या विहिरीत कसाबसा पोहलो तिचं वर्णन, आणि ज्या नदीत लहानपणापासून डुंबतोय तिचा उल्लेखही नाही.

१९९९ मध्ये डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांनी तो फार चवीनं वाचला, कारण ज्यांना काही येत नाही त्यांनाच आपल्याला खूप येतं असं वाटतं, हे त्यात दिसलं होतं. प्रत्येकाला आपला साहेब आठवला. त्यातला पहिला प्रयोग विनोदाचा होता. कोणता विनोद किती हसवतो हे आधी धंदेवाईक विनोदवीरांकडून ठरवून घेतलं, मग विद्यार्थ्यांना ते जोखायला दिले. ज्यांची पारख सगळ्यात कच्ची निघाली, त्यांना स्वतःच्या विनोदबुद्धीबद्दल शंकाच नव्हती. (आमच्या कार्यालयाच्या स्नेहसंमेलनाला येऊन पाहिलं असतं तर एवढा खटाटोप वाचला असता.) पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू कमी बोलली जाते. ज्यांना खरोखर येत होतं, ते स्वतःला थोडं कमीच लेखत होते, कारण आपल्याला जमलं म्हणजे बाकीच्यांनाही जमलंच असेल, असा त्यांचा समज. भाच्याचं दुखणं अमेरिकेतही आहे हे वाचून मला बरं वाटलं.

तिथल्याच गॅलप संस्थेच्या डोनाल्ड क्लिफ्टन यांनी माणसाच्या बलस्थानांचे ३४ प्रकार पाडले आणि ते ओळखायची प्रश्नावली तयार केली. आपल्याकडे पत्रिकेत ३६ गुण आहेत. दोन जास्तच. शिवाय पत्रिकेत १८ जुळले की लग्न लागतं, म्हणजे पन्नास टक्क्यांना पास. नोकरी देणाऱ्यांनी हा उदारपणा शिकावा.

दुसरं टोकही पाहिलंय. 'एक्सेलवर प्रभुत्व' असं लिहून आलेल्या एका गृहस्थांना आम्ही समोरच्या संगणकावर साधी बेरीज करायला सांगितली. त्यांनी खिशातून कॅल्क्युलेटर काढला, बेरीज केली आणि ती एक्सेलमध्ये टाइप केली. उत्तर बरोबर होतं. लिहिलेलं सगळं विचारलं जातं, एवढं तरी ध्यानात ठेवावं. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत तर मुलाखतीला २०२५ पैकी २७५ गुण आहेत आणि तिथल्या फॉर्मातला छंदाचा रकाना फार महाग पडू शकतो. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये असे मुलगे भेटतात, ज्यांनी फॉर्ममध्ये आधी छंद लिहिला आणि मग त्या छंदाचा क्लास लावला.

आणि तो दुसरा प्रश्न, 'तुमचा दोष सांगा.' याचं पाठ केलेलं उत्तर म्हणजे 'मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे.' हे ऐकलं की आमच्यातला एक जण न चुकता बिस्किटाकडे हात न्यायचा. फक्त एक मुलगी मला आठवते. ती म्हणाली, "मॅडम, मला सकाळी लवकर बोलायला आवडत नाही. दहानंतर मी अगदी चांगली असते." रेकॉर्ड रूमला घेतली तिला. तिथे दुपारपर्यंत कोणी फिरकत नसे.

स्वतःची जाहिरात करण्यातला उस्ताद मात्र पाचशे वर्षांपूर्वी होऊन गेला. १४८२ च्या सुमाराला तिशीतल्या लिओनार्दो दा विंचीनं मिलानच्या राज्यकर्त्या लुदोविको स्फोर्त्साला नोकरीसाठी पत्र लिहिलं. त्याचा मसुदा मिलानच्या ग्रंथालयात अजून जपलेला आहे. दहा कलमं. हलके, झटपट उभारता येणारे पूल, तोफा, किल्ल्याखाली खणायचे भुयारी मार्ग, शत्रूच्या गर्दीत घुसणारे झाकलेले रथ. नऊ कलमं नुसती लढाईची, कारण त्या दरबाराला लढाईची काळजी. दहावं शांततेच्या काळातल्या इमारतींचं आणि पाणी खेळवण्याचं. आणि शेवटी जाता जाता म्हटल्यासारखं, की मूर्तिकाम येतं, चित्रकलाही कोणाच्याही तोडीची येते. साहेबांच्या कीर्तिवंत वडिलांचा ब्राँझचा घोडाही करून देईन. (वडिलांची कीर्ती! पण साहेबांच्या.) यातलं बरंचसं लढाईचं सामान तेव्हा कागदावरच होतं, आणि तरी पत्राच्या अखेरीस तो म्हणतो की विश्वास नसेल, तर म्हणाल तिथे करून दाखवतो. पुढे त्या घोड्याचं ब्राँझ खरोखरच तोफांच्या कामी गेलं, घोडा मातीच्या नमुन्यापुढे गेलाच नाही. आणि मिलानमध्ये त्याच्या हातून जे राहिलं, ते 'द लास्ट सपर'. अर्जात सगळ्यात खाली होतं, तेच.

मी या पत्राकडे नेहमी थोड्या असूयेनं बघते. समोरच्याला काय हवंय हे ओळखून तेवढंच आधी मांडायचं, ही त्याची अक्कल घेण्यासारखी. पण नऊ कलमं लिहायला जो कणा लागतो, तो आपल्याकडे आला असता तर पुरणपोळीच्या कणकेवर खापर फुटलं नसतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. लग्नाआधी एका कंपनीत अकाउंट्सला होत्या, मग मुलं, मग सासूबाईंचं आजारपण. सगळं निवळल्यावर पुन्हा नोकरी बघायला लागल्या. माझ्याकडे आल्या त्या जवळजवळ माफी मागतच.

"काकू, मधली सगळी वर्षं कोरी आहेत हो. काही केलंच नाही मी."

सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असायचं. प्रत्येक वेळी चार तास. सोबत मेडिक्लेमचे कागद. मी म्हटलं, जरा ते कागद दाखव. तिनं एक जाडजूड बॉक्स फाइल आणली. मी आस्थापना शाखेत जन्म काढलाय, फाइलीला मी सहसा दाद देत नाही. पण ही फाइल बघून मी चष्मा पुसला. महिन्यागणिक रंगीत चिठ्ठ्या. डिस्चार्जचा कागद, मूळ बिलं, औषधांच्या पावत्या तारखेप्रमाणे, डॉक्टरांचा दाखला, आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या वर तिच्या हातचं एक टिपण : किती मागितले, किती मंजूर झाले, किती आणि कशासाठी कापले. एक क्लेम विमा कंपनीनं तीनदा शंका काढून परत पाठवला होता. तिसऱ्या पत्राला हिनं त्यांच्याच पॉलिसीतलं कलम, पान क्रमांकासकट, उतरवून पाठवलं. पैसे आले.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही. करावंच लागायचं ना, काकू. त्यात काय विशेष?"

मी तिला सांगितलं, अकाउंट्सच्या जुन्या अनुभवाचा बायोडेटा दे, पण मोठ्या हॉस्पिटलांमध्ये टीपीए डेस्क असतो, विम्याचे कागद बघणारा, तिथे दे. आणि मधल्या वर्षांपुढे 'गृहिणी' असा एक शब्द टाकून मोकळी होऊ नकोस, हे क्लेम लिही. तिनं लिहिलं, पण भीत भीत. मुलाखतीत अपेक्षेप्रमाणे विचारलं गेलं, की मधल्या काळात काय करत होतात? तिला शब्द सुचेनात. मग तिनं पिशवीतून फाइल काढून टेबलावर ठेवली. समोरच्या बाईंनी दोन-चार चिठ्ठ्या उलटून पाहिल्या आणि आतल्या खोलीतल्या कोणाला तरी हाक मारली, "अहो, हे बघा जरा, आपल्याकडे असं लावतात का!" कामावर कधी येता, एवढंच विचारायचं राहिलं होतं, ते विचारलं.

फाइल टेबलावर ठेवण्याची ही पद्धत आपल्याकडची जुनी आहे. बाळाजी आवजी चिटणीसांची गोष्ट सांगतात, की वडिलांना जंजिऱ्याच्या सिद्दीनं मारल्यावर आई आणि मुलं गुलाम म्हणून विकली जाणार होती, ती राजापूरला उतरली आणि मामानं त्यांना सोडवून घेतलं. तिथे कारकुनी करत असताना बाळाजींनी शिवाजी महाराजांना अर्ज लिहिला. त्यात 'माझं अक्षर चांगलं आहे' असं वाक्य असण्याची गरजच नव्हती. अर्ज हातात धरला की अक्षर दिसतच होतं. चिटणिशी मिळाली. आणि ज्या समर्थांनी आत्मस्तुती करणाऱ्याला मूर्ख म्हटलं, त्यांनीच दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाची सुरुवात लेखनक्रियेच्या समासानं केली आहे. अक्षराचं वळण, ओळींमधलं अंतर, शाई, कागद, टाक, सगळं बैजवार. म्हणजे स्वतःबद्दल बोलू नका, पण अक्षर असं काढा की बघणारा बोलेल. आपल्या संकोची माणसांना ही वाट बरी.

ज्यांना ढोल नाही, फाइल नाही, त्यांना मी एकच युक्ती सांगते : घरच्यांना तुमच्या तक्रारी करू द्या आणि बाजूला बसून ऐका. घरात जे अवगुण म्हणून मोजलं जातं, त्याला ऑफिसात पगार मिळतो. "हिला सगळं आधीच विचारून ठेवायची खोड आहे" अशी बाई प्रवासाचं नियोजन करणाऱ्या कचेरीत हवी. "हा तासन्‌तास एकाच स्क्रूच्या मागे लागतो" असा मुलगा दुरुस्ती विभागात हवा. "हे कोणाशीही गप्पा मारत बसतात" या गृहस्थांना स्वागतकक्षात बसवा, गर्दी आपोआप शांत राहील. आई रागाच्या भरात जे बोलते, तेवढं नेमकं कुठलीच प्रश्नावली सांगत नाही.

माझ्याबद्दल आमच्याकडे कायमची तक्रार आहे, की मला कुठेही गेलं तरी आधी चूकच दिसते. हॉटेलात मेनूकार्ड वाचताना, लग्नपत्रिकेवर, अगदी बारशाच्या केकवरसुद्धा. यजमान म्हणतात, "जेवायला आलोय आपण, तपासणीला नाही." परवा आमच्या वाचनालयाच्या मंडळानं सभासदांना एक फॉर्म पाठवला. नाव, पत्ता, रक्तगट, आणि शेवटी 'आपली विशेष कौश्यल्ये'. खाली पाच ओळी सोडलेल्या. मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग लाल पेननं 'कौश्यल्ये'चं 'कौशल्ये' केलं, वरच्या 'वाचनालया तर्फे'मधलं अंतर काढलं, 'सभासदांनि'चा इकार दीर्घ केला, आणि पाचही ओळी कोऱ्या ठेवून फॉर्म परत पाठवला.

संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन. "ताई, वार्षिक अहवालाची प्रुफं आलीत. केव्हा आणू?"